शेजारणीची बरणी

तानुबाईचं पत्र येऊन दोन महिने झाले, तरी भगवानरावांनी उत्तर लिहिलं नव्हतं. त्यांना मोबाइलवर ऐकू येत नाही आणि तानुबाईला लिहिता येत नाही, म्हणून पत्र तिच्या सुनेच्या, निकिताच्या अक्षरात होतं. ‘दाजी, दोन वर्सं झाली, तुमच्या शेजारणीची खाऱ्या लिंबाची बरणी न्हाई आली. निकिताला दिवस गेलेत, तोंडाला दुसरं काही लागंना. बरणी न्हाई तर रीत तरी कळवा. त्या माउलीचा हात लय गुणाचा.’

ती शेवटची ओळ त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती.

तानुबाई ही त्यांच्या बायकोची, सरजाबाईची भावजय. बारा वर्षांपूर्वी तिच्या लेकीच्या, भक्तीच्या लग्नाला दोघं मानवतहून बोरीला गेले, तेव्हा सरजाबाईनं मांडीवर बरणी धरून एसटीचा प्रवास केला होता. तानुबाईनं ती दारातच अडवली.

“वन्सं, राग मानू नका. पण ज्या हाताला लेकरू न्हाई, त्या हातचं लोणचं मांडवात नको. पोरीची ओटी भरायची हाय.”

सरजाबाईनं बरणी गोठ्यात नेऊन ठेवली. तेव्हा बोलायला हवं होतं ते भगवानरावांनी. पण जन्म ग्रंथालयात ‘शांतता राखा’च्या पाटीखाली गेलेला, शब्द फुटला नाही. घटकाभरानं त्यांनी तीच बरणी आचाऱ्यापुढं नेली आणि तानुबाईला सांगितलं, “ही हिच्या हातची न्हाई, आमच्या शेजारणीची. चार लेकरांची आई हाय.”

“मग वाढा की, दाजी. इचारता काय?”

पंगतीनं बरणी चाटूनपुसून संपवली. मग दरवर्षी बोरीहून निरोप येऊ लागला. सरजाबाई बरणीच्या तोंडाला फडकं बांधून नवऱ्यापुढं सरकवायची. “घ्या, तुमच्या शेजारणीनं दिलंय. लय सुगरण हाय म्हणं.” ती हसायची. ते मान वर करत नसत. दोन वर्षांपूर्वी सरजाबाई वारली तेव्हाही बोरीत नाव होतं ते शेजारणीचंच.

आज ते लिहायला बसले. आधी वाटलं, लिंबं पुसायची ही गोष्टच गाळावी. ओल राहिली की बुरशी धरते. तसा कागद लिहिला आणि फाडला. सरजाबाईच्या लिंबाला आपल्या हातानं बुरशी लावायची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या कागदावर लिहिलं :

‘कागदी लिंबं धुऊन पार कोरडी पुसा. चार चिरा द्या, फोडी सुट्या करू नका. चिरांत जाडं मीठ आणि ओवा भरा. बरणीला फडकं बांधून चाळीस दिवस उन्हात ठेवा, रोज हलवा. तेल नको.

शेजारीण कधीच नव्हती. हे सगळं सरजाबाईचं. भक्तीच्या मांडवानं तिच्याच हातचं खाल्लं, आणि पुढं दरवर्षी तुमच्या घरानं. भक्तीला दोन लेकरं झाली, हे तुम्हीच कळवलं होतं. खोटं मी बोललो, त्याची लाज मला आहे. तुमची तुम्ही बघा. तिनं भरलेली शेवटची बरणी माझ्याजवळ आहे. ती तुम्हाला मिळणार नाही.’

तानुबाईला हे सूनच वाचून दाखवणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी अक्षर ठळक काढलं.

पोस्टाच्या लाल पेटीपाशी हात थबकला. शेवटची ओळ जास्त झाली का? खिसा चाचपला, पेन घरी राहिलं होतं. त्यांनी पाकीट आत सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येतो का, म्हणून त्यातल्या त्यात बरा कान पेटीला लावला.