औषध कडूच असतं

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी कपाट आहे. माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात, बालवाडीच्या भिंतीवर उंच टांगलेलं. सागाचा डौल माझ्यात नाही. हिरामण सुताराने मला उरल्यासुरल्या फळ्यांतून उभं केलं. पण कुलूप मात्र पितळी होतं आणि त्याचा मला कोण तोरा!

बालवाडीच्या आनंदीबाईंनी हट्टाने मला करवून घेतलं होतं. औषधांना मुलांचा हात लागता कामा नये, हा त्यांचा नियम. त्या नसल्या की किल्ली मदतनीस अंबूबाईच्या कमरेला असायची. पोरं गुडघे फोडून घ्यायची, मग माझं दार उघडायचं आणि अंबूबाई फुंकर घालत औषध लावायची. भिवाजीची चार वर्षांची हिरू तर काही लागलं नसतानाही गुडघा पुढे करायची. तिच्यावर माझा फार जीव होता.

अठ्ठ्याहत्तर सालचा भाद्रपद होता. भाताला कीड लागली होती आणि जो तो शेतात औषध मारत होता. हो, आमच्याकडे त्या विषाला औषधच म्हणायचे. पिकाचं औषध.

त्या सकाळी आनंदीबाई कर्जतला गेल्या होत्या. भिवाजी खोकणाऱ्या हिरूला खांद्यावर घेऊन आला. हातात एक बाटली होती, खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. शेजाऱ्याने तिच्यात थोडं पिकाचं औषध दिलं होतं, आणि फवारणीचा पंप आणायला भिवाजी शिळफाट्याला निघाला होता.

"अंबूमावशी, औषद हाय. नीट ठिव गं, पोरांचा हात नको लागाया," तो घाईत म्हणाला आणि एसटी गाठायला पळाला.

अंबूबाईला वाटलं, बापाने लेकीच्या खोकल्याचं औषध आणलं. तिने ते माझ्यात ठेवलं आणि न विसरता कुलूप लावलं. मला त्या बाटलीचा उग्र वास आला. पण लाकडाला कुठलं तोंड?

दुपारी हिरूला खोकल्याची उबळ आली. अंबूबाईने तिला मांडीवर घेतलं आणि चमचा भरला.

"कडू हाय गं आजी."

"औषद कडूच आसतं, बाय माजी. गीळ बरं!"

गावातल्या टेंपोतून तिला कर्जतच्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

अंबूबाईने किल्ली माझ्या कुलपाला अडकवून ठेवली आणि पुन्हा कधी बालवाडीची पायरी चढली नाही. भिवाजीच तिच्या दारात जाऊन बसला. "तुजी चुकी नाय, मावशी. मीच इखाला औषद बोललो," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. पुढे दुकानदाराने कुठलं औषध देऊ विचारलं, की तो म्हणायचा, "औषद नाय, ईख दे."

मित्रांनो, आता माझ्यात काहीच ठेवत नाहीत. तुम्ही औषधं उंचावर ठेवा, कुलूपही लावा. पण विष औषधाच्या बाटलीत भरू नका आणि त्याला औषध म्हणू नका. त्या दिवशी माझं कुलूप शाबूत होतं.

हिरूला ते खूप कडू लागलं होतं. तरी ती थुंकली नाही. आजी औषध म्हणाली, म्हणून तिने ते गिळलं.