मुठीतला खडू

माझा धाकटा दीर लिफ्ट बसवतो. म्हणजे त्याची माणसं बसवतात, तो सह्या करतो आणि बिलावरून भांडतो. धंदा उत्तम चालतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शाळा सुधारण्यासाठी नेमलेल्या समितीवर त्याला घेतलं, तेव्हा मला हसू आवरेना.

"माणसं वर न्यायचा अनुभव आहे ना त्याला," आमचे हे म्हणाले.

मग कळलं की समितीत एक हॉटेलवाले आहेत, एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, मोबाईलवरचे खेळ बनवणारा एक तरुण आहे आणि शिकवणारं कुणीच नाही. तेव्हा हसू गेलं. दीर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि सुट्टीच्या दिवशी सगळे आमच्याकडे जेवतात. पानं वाढता वाढता मी त्याला विचारलं, "भावोजी, एखादी बाई, एखादा मास्तर नाही घेतला तुम्ही?"

"वहिनी, शिक्षक घेतले की चर्चा होत नाही, तक्रारी होतात," तो म्हणाला आणि भात मागितला.

मी वाढला. लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून 'तुमचं बरं आहे बाई, अर्धा दिवस शाळा' हे ऐकत आले आहे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खरंच आहे. घरातल्याच मास्तरणीला कोण विचारतो!

समितीचं म्हणणं सोपं होतं. पोरांना उत्तरं येत नाहीत, म्हणजे मास्तरांना शिकवता येत नाही. समिती शाळाशाळांत जाऊन प्रश्न विचारणार, आणि ज्या वर्गात उत्तरं मिळणार नाहीत तिथे भिंतीवर मोठा पडदा लावणार. शिकवणार पडदा, प्रश्न विचारणार पडदा. बाईंनी फक्त तो चालू करायचा आणि पोरं भांडू लागली तर सोडवायची. पहिल्या फेरीत आमची शाळा होती, आणि आमच्या शाळेत माझा पहिलीचा वर्ग.

म्हणून मी त्या दिवशी जेवणावरच त्याला माझ्या वर्गाची रीत सांगितली. पहिलीत दोन-तीन पोरं भारी चुणचुणीत असतात. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर फेकतात. बाकीची मग विचारच सोडून देतात. उत्तर मिळालंच आहे तर डोकं कशाला शिणवा? म्हणून माझ्या वर्गात प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात खडू असतो. खडू हातात असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, नुसता विचार करायचा. खडू टेबलावर ठेवला की हात वर. कधीकधी मी खडू इतका वेळ धरून ठेवते की शेजारच्या वर्गातल्या बाईंना वाटतं आमच्याकडे कुणी नाहीच.

"आणि त्यामुळेच आमची चिमणी बोलायला लागली," मी म्हणाले. चिमणी म्हणजे दाराजवळच्या बाकावरची मुलगी. सगळा पाऊसकाळ तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिची आई मला तिच्या देखतच म्हणायची, "मंद आहे हो ती, तुम्ही नका त्रास करून घेऊ." मी त्रास करून घेतला नाही, फक्त खडू जास्त वेळ धरून ठेवत गेले. एक दिवस तो खाली ठेवला आणि दाराजवळ एक हात वर झाला. तेव्हापासून रोज होतो. इतरांहून उशिरा होतो, पण होतो.

"हं," दीर मोबाईलमध्ये बघत म्हणाला.

समिती आली तेव्हा मला मागच्या भिंतीशी उभं केलं. बोलायचं नाही, खूण करायची नाही, असा नियम होता. मॅनेजरसाहेब खिडकीशी बसले, आणि त्यांच्याबरोबर एक घड्याळवाली बाई होती, वेळ मोजायला. प्रश्न विचारायला पुढे आला माझा दीर. त्यानं टेबलावरचा खडू उचलला, फळ्यावर ठसठशीत सातचा आकडा काढला, पुढे चारचा काढला आणि पोरांकडे वळला.

"सात पक्षी झाडावर होते, आणखी चार आले. किती झाले?"

खडू त्याच्या हातातच होता.

वर्ग गप्प. सगळी पोरं त्याच्या हाताकडे टक लावून बसली. उत्तर मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. चुणचुणीत पोरांचे गाल फुगले होते आणि चिमणीची बाकाखाली बोटं मोजून झाली होती. दीर खडू बोटांत फिरवत राहिला.

"प्रतिसाद नाही," घड्याळवाली म्हणाली.

त्यानं पुन्हा लिहिलं, पुन्हा विचारलं. खडू हातातच. पोरं हूं की चूं करेनात. पाहुण्यांसमोर रीत मोडायची नाही, हे त्यांना मीच शिकवलं होतं. तिसऱ्या प्रश्नाला माझ्यानं राहवलं नाही.

"भावोजी, तेवढा खडू खाली ठेवा."

त्याचा चेहरा लाल झाला. "बाई, इथे मी भावोजी नाही. आणि तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय."

"मुलांना उत्तर येतंय हो. खडू ठेवा, बघा."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मॅनेजरसाहेब खिडकीशी पुटपुटले, आणि घड्याळवाली हसली. दीरानं खडू कोटाच्या खिशात टाकला, हात झटकले आणि सगळे बाहेर पडले.

ते गेले तरी पोरं तशीच बसून होती. शेवटी चिमणी उभी राहिली. "बाई, ते खडू घेऊनच गेले." मग जरा थांबून म्हणाली, "अकरा ना?"

"अकरा," मी म्हणाले आणि फळा पुसायला वळले. मला रडू आलं होतं, आणि ते सगळं रागाचं होतं.

संध्याकाळी मी वर गेले. "मी तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हणाले. "जेवताना."

"वहिनी, जेवताना तुम्ही पुष्कळ काही सांगता." तो खरंच समजुतीच्या सुरात बोलत होता, त्याचाच मला जास्त संताप आला. "आणि राग मानू नका, पण बाहेर जगात कोण थांबतं कुणासाठी? पोरांना आत्तापासून सवय नको?"

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी दिसत नाही, हे मला माहीत होतं. पण हा तर खाली उतरून, शेळीसमोर उभा राहून आला होता. खाली आले तर आमचे हे म्हणाले, "जाऊ दे, घरात कशाला वाद?" मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि झोपायला गेले.

पडदा लागला. उद्घाटनाला समिती पुन्हा आली, बरोबर फोटोवाला. दीरानं भाषण केलं. शिक्षक हा समाजाचा कणा आहे, त्याचा मान राखला पाहिजे, असं म्हणाला आणि मला फुलांचा गुच्छ दिला. टाळ्या झाल्या. मग माझ्या दुसऱ्या हातात त्यानं रिमोट दिला. मी बटण दाबलं.

पडद्यावर झाड आलं, पक्षी आले. गोड आवाजात प्रश्न आला: नऊ होते, तीन उडाले, किती उरले? पोरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. सगळ्यांची नजर माझ्या हाताकडे होती, आणि हातात रिमोट होता.

मला कळायला वेळ लागला. घाईघाईनं मी तो टेबलावर ठेवला. भराभर हात वर झाले आणि सगळ्यांत शेवटी, दाराजवळून, चिमणीचा.

"सहा! शाब्बास!" पडदा म्हणाला आणि पुढच्या प्रश्नावर गेला.

"बघा, मुलांचा उत्साह बघा," दीर फोटोवाल्याला म्हणाला. "हे हात घ्या आधी."

फोटो निघाले. बाकीचे हात खाली आले. चिमणीचा तसाच वर होता, आणि ती माझ्याकडे बघत होती.