एर्सीलियाबरोबर घंटांच्या गावी

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची पिशवी आहे. दोन बकलांची, खांद्याला अडकवायची. इटलीच्या डोंगराळ मुलखातल्या एका खोगीर शिवणाऱ्या कारागिराने मला घडवले. दोऱ्याला मेण लावता लावता तो म्हणाला होता, "ही मालकापेक्षा जास्त जगणार!" ते खरे ठरले. त्याचे मला आजही वाईट वाटते.

माझा मालक जेसुआल्दो चर्चच्या मनोऱ्यांत टांगायच्या घंटा ओतत असे. वितळलेले कांसे मातीच्या साच्यात उतरू लागले की ओतशाळेत कुणी चकार शब्द काढत नसे. मी खुंटीवरून ते बघत राही आणि माझी बकले तापत. तयार घंटा मालमोटारीतून पुढे जाई. तिच्या मागून मला खांद्याला लावून जेसुआल्दो निघे. आधी आगगाडी, मग बस, शेवटचा चढ पायी. मोटार त्याच्याकडे कधीच नव्हती. माझ्या पोटात हातोडी, कानस, पाव आणि मेंढीच्या चीजचा तुकडा असे. घंटा वर चढून पहिला टोला पडला की तो टोपी काढून उभा राही. आपणच केलेल्या वस्तूपुढे माणूस इतका लहान कसा होतो, हे मला तेव्हा कळत नसे.

त्याची मुलगी एर्सीलिया दर वेळी दारात आडवी येई. "बाबा, मला पण ने की!"

"पुढच्या खेपेला नक्की," तो म्हणे.

ती खेप आलीच नाही. जेसुआल्दो गेला, ओतशाळेला कुलूप लागले आणि मला माळ्यावर टाकण्यात आले. माझे चामडे तडकले. एका बकलाला गंज चढला. एर्सीलिया शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांसाठी मोठमोठी पातेली ढवळत म्हातारी झाली. तिने लग्न केले नाही, गावाची वेसही फारशी ओलांडली नाही.

मात्र नोकरी संपली, त्या वसंत ऋतूत ती माळ्यावर चढली. तिने मला खाली आणले, उन्हात बसून मेण चोळले. तिचा भाचा रेमो हसू लागला.

"आत्या, ही पिशवी नाही, ही पणजी आहे! आणि एकटी निघालीस कुठे?"

"बाबांच्या घंटा ऐकायला. एकेका गावी जाऊन."

"मग मी नेतो ना गाडीतून. एका रविवारात सगळ्या उरकू."

"उरकायला ती काय भांडी आहेत? तू खिडक्या बंद करणार, गाणी लावणार. घंटा चालत जाताना ऐकायची असते, बाळा."

आणि आम्ही निघालो. दोन डब्यांची आगगाडी आम्हाला दरीच्या कडेने नेई. बस चुकली तर आम्ही कारंज्याच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्या बसची वाट बघत असू. बायका खिडकीतून विचारत, "एकट्याच? नवरा कुठाय? गाडी कुठाय?"

"दोन्ही कधी पाळली नाहीत!" एर्सीलिया उत्तर देई, आणि तिला हमखास कॉफी मिळे.

पहिल्या गावी भरदुपारी टोला पडला, तेव्हा ती पाव खात होती. तो आवाज आधी पायाखालच्या दगडांतून आला, मग छातीत शिरला. पाव हातातून पडला. "बाबा," ती पुटपुटली, "एवढी मोठी?" मी तिच्या मांडीवर थरथरत होते.

उन्हाळाभर आम्ही हिंडलो. शरद ऋतूत एकच गाव उरले, कड्यावरचे पिएत्रानेरा. बसवाला रोक्को याने खालच्या पुलापाशीच बस थांबवली.

"वर बस जात नाही, बाई. भूकंपानंतर वर आहेत फक्त चार म्हातारी आणि मेंढ्या. मनोऱ्याला तडा गेला म्हणून घंटासुद्धा खाली काढलीय. मुकी झाली ती. परत चला, धुकं उतरतंय."

एर्सीलियाने मला खांद्यावर सारखे केले आणि ती उतरली.

अर्ध्या चढावर धुके इतके दाटले की तिला स्वतःचे पाय दिसेनात. गुडघा दुखू लागला. ती दगडावर बसली आणि मला तिने पोटाशी घट्ट धरले. "मूर्ख बाई," ती स्वतःलाच म्हणाली. तेवढ्यात धुक्यातून दोन पांढरे धिप्पाड कुत्रे भुंकत आले. मागून कुणी ओरडले, "हलू नका! चावत नाहीत, पण पळणारा त्यांना आवडत नाही!" तो मेंढपाळ दोनातो होता. तिला हात देऊन त्याने वर आणले.

कोन्चेत्ता नावाच्या म्हातारीने घेवड्याचे गरम सूप पुढे ठेवले. "आधी खा. घंटा कुठे पळून जात नाही."

घंटा चर्चच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. वर कोंबड्या बसल्या होत्या. ताडपत्री निघाली आणि एर्सीलिया जागीच थबकली. इतक्या जवळून तिने बापाचे काम कधी पाहिले नव्हते. तिने तळहात ठेवला, मग गाल टेकवला.

"एकदा ऐकायची होती फक्त."

"जमिनीला टेकलेली घंटा वाजत नाही हो," दोनातो हळूच म्हणाला. "नुसती थप्प करते."

"मग उचला की!" कोन्चेत्ता कडाडली. "नऊ वर्षं तिच्यावर कोंबड्या बसवल्यात. ही बाई धुक्यातून एकटी चढून आली, आणि तुमच्यानं वीतभर उचलवत नाही?"

सकाळी धुके फाटले. गावातल्या सगळ्यांनी मिळून तीन ओंडक्यांची तिकाटी उभी केली. साखळी ताणली, कप्पी कुरकुरली, आणि घंटा जमिनीपासून वीतभर सुटली. दोनातोने लाकडी मोगरी पुढे केली. "बसवा टोला."

तिने मारला.

मित्रांनो, तो नाद मी कसा सांगू! माझी बकले वाजली, गंजलेलेसुद्धा. उतारावरच्या मेंढ्यांनी चरणे थांबवून माना वर केल्या. नाद कड्यावरून खाली गेला, दरी ओलांडून हळूहळू विरला.

मग दरीपलीकडच्या गावातून एक बारीक, घाईघाईची घंटा वाजू लागली. पाठोपाठ तिच्याही पलीकडून, खूप लांबून, आणखी एक.

दोनातोने टोपी काढली. "त्यांना कळलं," तो म्हणाला, "आम्ही अजून आहोत."

एर्सीलियाची मोगरी तशीच वर राहिली. पलीकडच्यांचे बोलणे पुरते संपेपर्यंत तिने दुसरा टोला मारला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी गप्प पडलेले असेल. एखादी वस्तू असेल, नाहीतर एखादे माणूस. त्यावरची धूळ पुसा. जड असेल तर चार जणांना हाक मारा. वीतभर उचललेत तरी पुष्कळ आहे.