पडला की मेला?

माझ्या डाव्या पायाला एकच बोट उरलं आहे. साच्यातून निघालो तेव्हा चार होती. कानशीच्या खुणा नीट पाहिल्या, तर तिन्ही बोटं वेगवेगळ्या हातांनी घासलेली दिसतात. एक घाईने, एक तिरकं आणि एक अगदी सफाईने, कारण ते दातांच्या डॉक्टरणीने घासलं.

मित्रांनो, मी एक जुना राक्षस आहे. अंगठ्याएवढा, कथलाचा. खेळाच्या पटावर मी गुहेच्या तोंडाशी उभा असतो आणि वीर मला मारायला येतात. जो मारेल त्याने माझा एक तुकडा घासून घ्यायचा, हा या घरचा रिवाज. शेपूट, कान, शिंगं, सगळं असंच गेलं.

माझा जन्म एका आजारपणात झाला. घरातला धाकटा मुलगा तापाने अंथरुणाला खिळला होता. त्याचा मामा नळजोडणीचं काम करायचा. त्याने उरलेलं कथील पळीत वितळवून मला साच्यात ओतलं. मुलाच्या ताईने उशाशी बसून खेळाचे नियम रचले. तिने मला तीन आकडे दिले: माझी कातडी किती जाड, माझ्यात जीव किती, आणि माझी नखं किती खोल जाणार. मुलाने कुऱ्हाडवाला वीर घेतला. फासा हातात धरून तो म्हणाला, "ताई, माझा वीर मरेल का गं?"

तिने माझ्या नखांचा आकडा खोडून लहान केला.

"पडेल," ती म्हणाली. "मग उठेल."

त्या दुपारी कुऱ्हाडीने माझा गुडघा फोडला, पोट फाडलं आणि शेवटी मान उडवली. मुलगा खोकला येईपर्यंत हसला. माझं पहिलं शिंग त्यानेच घासलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुढे त्याचा ताप उतरला.

तो मोठा झाला, वेल्डर झाला. आता दारातून येताना त्याला वाकावं लागतं. ताई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागली आणि तिच्या खेळाचं पुस्तक निघालं. पहिल्या आवृत्तीत मी दोन घावांत मरायचो. खेळणाऱ्यांनी प्रकाशकाला कळवलं, 'हा राक्षस आहे की उकडलेला बटाटा?' म्हणून दुसऱ्या आवृत्तीत ताईने माझा जीव दुप्पट केला. पण कुऱ्हाडीचा घावही दुप्पट केला. उत्तर तेच आलं, रक्त तेवढं जास्त सांडलं. तिसऱ्या आवृत्तीत तिने माझी कातडी जाड केली. मग वीर घाव घालत बसायचे. माझ्या बरगड्या मोडायच्या, डोळा फुटायचा, आतडी लोंबायची, आणि मी आपला उभा. लोक जांभया देत मला मारायचे. मित्रांनो, जांभई देत घातलेला घाव फार लागतो.

ताईने माझे आकडे पुन्हा पुन्हा बदलले, पण नखांना कधी हात लावला नाही. ती एका आजारी मुलाला जपणारी नखं होती.

चौथी आवृत्ती माझ्यापायी अडून राहिली. चाचणीसाठी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट मांडला. एका बाजूला ताई, समोर भाऊ आणि ताईची मैत्रीण, ती दातांची डॉक्टरीण.

"हा राक्षस नाही, गोणी आहे," भाऊ म्हणाला. "बडवली तरी परत मारत नाही."

"चिवट हवा होता ना तुम्हाला? केला चिवट."

"चिवट तर अक्कलदाढही असते," डॉक्टरीण म्हणाली. "तिच्याशी लढायला कोणी कुऱ्हाड घेऊन येत नाही बाई."

ताई हसली. भाऊ हसला नाही. "नखं वाढव."

"बघू."

"तीन आवृत्त्या बघतेच आहेस."

"अरे, कोणाचा तरी लाडका वीर मरेल. रडेल ते पोर."

"कोणतं पोर?" भावाने हात टेबलावर ठेवले. ठिणग्यांच्या डागांनी भरलेले मोठे हात. "ताई, इकडे बघ. मी बरा झालोय गं. केव्हाच."

ताई त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने माझ्या नखांचा आकडा खोडरबराने पुसला. नवा लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. तिने टोक काढलं आणि तोच नवा, मोठा आकडा पुन्हा लिहिला.

लढाई सुरू झाली. डॉक्टरणीच्या तिरंदाजाचा बाण माझ्या गळ्यात घुसला. मी त्याचा दंड खांद्यापासून उपटला आणि त्याला दरीत फेकलं. भावाचा कुऱ्हाडवाला पुढे आला. त्याने माझी मांडी हाडापर्यंत चिरली, वर उचललेला माझा पंजा तोडला. माझा एकच पंजा उरला. ताईने माझ्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकला. एकोणीस. नखं त्याचं चिलखत फाडून, बरगड्यांमधून थेट पाठीतून बाहेर आली. मी त्याला उचलून खडकावर आपटलं. त्याचा जीव शून्याखाली गेला.

तिन्ही पुस्तकांत एकच वाक्य छापलेलं आहे: राक्षस मरतो, वीर पडतो. पडलेला वीर पुढच्या डावात उठतो.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. जपण्यासारखं उरलंय तरी काय? पण ज्याच्यावर माया कराल, त्याच्या वाटेतला राक्षस गुपचूप मऊ करू नका. कधीतरी त्याला कळतं, आणि मग आजवरचे सगळे विजय त्याला हलके वाटू लागतात.

ताईचा हात सवयीने कुऱ्हाडवाल्याकडे गेला, त्याला उभा करायला. बोटं टेकली आणि थांबली.

"बोल की," भाऊ हळूच म्हणाला.

तिने त्याला आडवंच राहू दिलं.

"मेला," ती म्हणाली.