आतून न उघडणारे दार

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. मागे लांब, बिनखिडक्यांचा डबा असलेली. माझा रंग मूळचा पांढरा. आता तो नेमका कोणता, हे मलाही सांगता येणार नाही. कारखान्यातून निघाले ती थेट एका बेकरीच्या दारात उभी राहिले. बारा वर्षे मी पाव वाहिले. मी गल्लीत शिरले की लोक म्हणत, "आली बाई वेळेवर." त्या कौतुकाने मी फुगून जाई. पावांचे ट्रे आदळून आदळून माझ्या मागच्या दाराच्या आतल्या कडीची सळई निखळली. पण पावांना कुठे आतून दार उघडायचे असते? कोणी लक्ष दिले नाही.

पुढे बेकरीवाल्याने नवी गाडी घेतली आणि मी एका सायकल क्लबकडे आले. दर महिन्याला क्लबची मंडळी डोंगराळ रस्त्यांवर सायकली दामटत, आणि जो दमेल त्याला मी उचलून घेई. दिवसभर पहिल्या गिअरमध्ये, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या मागे. पुढे जायची मुभा नाही. त्यातून माझ्यात बसणे सगळ्यांना कमीपणाचे वाटे. माझे नावच त्यांनी 'शरणगाडी' पाडले होते.

मला चालवणारे मिस्त्रीकाका एरवी सायकली दुरुस्त करत. त्यांनी कडीबद्दल क्लबच्या अध्यक्षांना, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना, दोनदा सांगितले. बाहेरून तर उघडते आहे, पुढच्या खेपेला बघू, असे ते म्हणाले. मग काकांनीही मनावर घेतले नाही.

त्या रविवारी ऊन मी म्हणत होते. क्लबात एक टपालवाल्या ताई होत्या. तीस वर्षे सायकलवरून पत्रे वाटून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्या माझ्यात कधीच बसल्या नव्हत्या. पण तिसऱ्या चढावर त्यांच्या पोटरीत असा गोळा आला, की उतरावेच लागले. पाय लांब करता यावा म्हणून काकांनी त्यांना सायकलीसकट मागच्या डब्यात बसवले आणि दार लावले. त्यांना लवकर टेकता यावे म्हणून त्या दिवशी आम्ही मागच्यांना ओलांडून खिंडीत पोचलो, तोच खालच्या वळणावर कोणाची तरी साखळी तुटल्याचे मागून आलेल्या एकाने सांगितले. काका मला कडेला लावून, हत्यारे घेऊन खाली गेले.

ते लवकर परतले नाहीत. बाकीची मंडळी पुढे झाडाखाली जेवायला बसली. डॉक्टरांनी डोकी मोजली, तर खाली थांबलेले सोडूनही एक कमी. कोणीतरी म्हणाले, ताई गाडीत आहेत. सगळे निर्धास्त झाले.

आत माझा पत्रा तव्यासारखा तापत होता. ताईंनी कडी फिरवली. ती नुसतीच गरगर फिरली. त्यांनी हाका मारल्या, पत्र्यावर मुठी आपटल्या. खिंडीत फोन लागत नव्हता, आणि वाऱ्यात काहीच ऐकू गेले नाही. मित्रांनो, मी माणसांना आधार देते, असे मला वाटत आले होते. त्या दिवशी मीच पिंजरा झाले. माझ्या पोटात एक बाई गुदमरत होत्या आणि मला साधा हॉर्नसुद्धा स्वतःहून वाजवता येत नव्हता.

ताई थोडा वेळ रडल्या. मग त्यांनी अंधारात चाचपडत सायकलच्या पिशवीतली टायर काढायची पट्टी शोधली आणि दाराचा आतला पत्रा उचकटायला घेतला. पत्रा माझाच, पण कधी एकदा निघतो असे मला झाले होते. त्यांची बोटे सोलवटली. शेवटी फटीतून हात घालून त्यांनी सळई ओढली, आणि दार उघडले.

ताई लंगडत झाडापाशी गेल्या. घामाने चिंब, हाताला रक्त. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"कडीचं मिस्त्री बोलले होते," डॉक्टर पुटपुटले. "मीच पुढच्या खेपेला बघू म्हटलं."

ताईंनी आवाज चढवला नाही. "दाढ ठणकते म्हणून कोणी आलं, तर त्यालाही असंच सांगता का, डॉक्टर?"

काका परत आले, त्यांनी ताईंचे हात पाहिले आणि ते मलमपट्टीची पेटी आणायला धावले.

दुसऱ्याच दिवशी कडी दुरुस्त झाली. आता प्रत्येक फेरीआधी डॉक्टर स्वतः माझ्या डब्यात शिरतात, काका बाहेरून दार लावतात, आणि डॉक्टर ते आतून उघडून बाहेर आले की मगच सायकली निघतात. ताई मात्र पुन्हा माझ्यात बसल्या नाहीत. मला त्याचे वाईट वाटते. राग येत नाही.

मित्रांनो, कोणाला कुठे बसवून दार लावाल, तेव्हा ते बाहेरून नीट उघडते आहे एवढ्यावर समाधान मानू नका. एकदा स्वतः आत बसून बघा.