काकूच म्हण

राजलक्ष्मीच्या हातांना त्या हिवाळ्यात मुळी स्वस्थता नव्हती. भरलेली ट्रंक ती सकाळी उपसायची, रजया उन्हात टाकायची आणि दिवेलागणीला पुन्हा कोंबून बसवायची. भोपाळ राजधानी झाली आणि ग्वाल्हेरच्या मोतीमहालातल्या कचेऱ्यांमधली कितीतरी माणसं बोचकी बांधून तिकडे गेली. तिचे विश्वासरावही गेले. कारकुनाचं काय, खुर्ची जाईल तिकडे त्यानं जायचं. बायकोनंही बरोबर जायचं हे ठरलेलं होतं, पण कान्हू मॅट्रिकला, आणि वर त्याचं ते बास्केटबॉल! शाळा बदलली की वर्षभर संघात घेत नाहीत म्हणे. मग काय, तिनं नवऱ्याला दशम्या बांधून दिल्या, परीक्षा झाली की येते म्हणून सांगितलं, आणि नई सडकेमागच्या दोन खोल्यांत अर्ध्या बांधलेल्या संसारासकट मागे राहिली.

कान्हू म्हणजे कान्होजी, तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. दीर नागपूरकडे जंगलखात्यात. खापरपणजोबा दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर भाला घेऊन आले होते, आणि त्या सगळ्या घराण्याची उंची या एकट्यानं उचलली होती. सतराव्या वर्षी स्वयंपाकघरात शिरताना त्याला मान वाकवावी लागायची. शाळेच्या मैदानावर चेंडू त्याच्या हातात आला की बाकीची पोरं नुसती तोंडं वर करून बघत. शिकवणारे दौलतसिंह मास्टर कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते, पण तेही म्हणत की हा लडका नव्या राज्याच्या पहिल्या संघात जाणार. निवड भोपाळला होती. कान्हूला झोपेत सुद्धा तीच जाळी दिसत असणार, कारण गाढ झोपेत त्याचे हात वर जायचे.

आणि एका दुपारी मास्टर घरी आले, ते तोंड पाडूनच.

नव्या राज्याची नवी क्रीडा समिती, तिचे नवे नियम. मागे काही शाळांनी म्हणे बाहेरगावची उंच पोरं आणून, कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या म्हणून ठेवून घेतली आणि सामने मारले. म्हणून आता ज्याचे आईबाप राज्यात राहतात तोच खेळणार. नातेवाइकांकडे राहिलेला चालणार नाही. ज्या मुलांबद्दल शंका असेल त्यांच्या घरी समितीचे साहेब स्वतः जाऊन बघणार.

आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं! कान्हू चार वर्षांचा असताना इथे आला. सगळी अक्षरं इथे गिरवली, दुधाचे दात इथे पडले. परवापरवापर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं आणि ग्वाल्हेर नव्हतं. एका रात्रीत नागपूर उठून मुंबई राज्यात गेलं, ग्वाल्हेर मध्य प्रदेशात आलं, आणि अंगणातून न हललेलं पोर परराज्यातलं ठरलं. राजलक्ष्मीच्या अंगाचा तिळपापड झाला. मास्टरांसमोर तिनं समितीचा चांगला उद्धार केला. मास्टर बिचारे चहाच्या कपात बघत राहिले. निघताना एवढंच म्हणाले, की साहेब गुरुवारी येतील, आणि घरात आईबाप दिसले पाहिजेत.

मास्टरांची पाठ वळली आणि कान्हू बोललाच.

"काकू, एक दिवस माझी आई व्हा ना. सिर्फ एक दिन."

तिनं हातातली पळी आपटली आणि बाहेर जायला सांगितलं. तो गेला नाही. म्हणाला, साहेबाला काय कळतंय, काका भोपाळला नोकरीवर आहेत हे खरंच आहे, बाप तिकडे आणि आई इकडे, सगळं बरोबर जुळतंय. खोटं फक्त एकच शब्द. तिनं पाठ फिरवली. तो रागानं चेंडू घेऊन निघून गेला आणि तिनं घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली.

त्या एका शब्दाचीच तर सगळी गोम होती. राजलक्ष्मीला मूल झालं नाही. नागपूरच्या शांताला, म्हणजे तिच्या धाकट्या जावेला, कान्हूच्या पाठीवर जुळं झालं, दिराची बदली जंगलात, तिथे हिवताप. तेव्हा शांतानं कान्हूला हिच्या स्वाधीन केलं. राजलक्ष्मीनं लगेच दत्तकाचं विचारलं होतं. शांता ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, अंगात ताप, मांडीवर दोन तान्ही. ती म्हणाली, "ताई, पोर तुमच्या पदरात टाकते. त्याला रागवा, मारा, तुमच्या मनाजोगतं घडवा. पण त्याच्या तोंडून 'आई' एवढं माझ्यासाठी ठेवा." राजलक्ष्मीनं तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं.

आणि पाळलं, अगदी जिवावर येईपर्यंत पाळलं. शेजारच्या उषाताईंना त्यांची स्वतःची मुलं 'वहिनी' म्हणायची, कारण घरात त्यांचे दीर त्यांना तसं हाक मारत. पलीकडच्या मुकुंदरावांना पोटचा मुलगा 'नाना' म्हणायचा. आपल्याकडे घराघरांत हे असंच असतं, ज्या नावानं घर हाक मारतं तेच मुलांच्या तोंडी बसतं, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण त्या बायकांना ठाऊक असायचं की हे लेकरू आपलं आहे. राजलक्ष्मीला 'काकू' म्हणणारं लेकरू दर उन्हाळ्यात नागपूरला जाऊन दुसऱ्या बाईला 'आई' म्हणून यायचं. कान्हू सहा वर्षांचा असताना गोवर निघाला. तापाच्या भरात त्यानं तिचा पदर घट्ट धरला आणि 'आई, आई' करायला लागला. ती म्हणाली, "काकू म्हण, राजा. मी काकू." तो तापातच म्हणाला, काकू. मग ती कोठीत गेली आणि तांदळाच्या पोत्यावर बसून पोटभर रडली.

गुरुवार उजाडला. तिनं काही ठरवलं नव्हतं. एकदा वाटायचं, मुलाचं आयुष्य आहे, काय बिघडतंय. लगेच वाटायचं, शांता दूर आहे म्हणून मी तिच्या पाठीमागे तिची वस्तू उचलू? तिनं केस दोनदा विंचरले, पोहे भिजवले, मग एवढं कशाला म्हणून झाकून ठेवले, आणि पुन्हा काढले.

साहेब आले. चांगला वयस्क माणूस, जबलपूरचा, गळ्यात मफलर. दारातूनच म्हणाले, मराठी घर दिसतंय, मी नागपूरला बरीच वर्षं काढलीत, थोडी थोडी मराठी येते. नागपूरचं नाव निघताच राजलक्ष्मीच्या काळजात धस्स झालं. कान्हूच पुढे झाला.

"सर, ये मेरी माँ हैं," तो म्हणाला.

तेरा वर्षं आपण ज्याची वाट पाहत नाही असं ती स्वतःला सांगत आली होती, ते असं आलं. हिंदीत, घाईघाईनं, एका परक्या माणसासाठी. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मान हलवली. आत पोहे फोडणीला टाकताना मोहरी चुलीत सांडली. हिंदीत 'माँ' म्हणाला, 'आई' तर नाही म्हणाला, वचन कुठे मोडलं, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि ती मनाला जरासुद्धा पटली नाही.

साहेबांनी पोहे खाल्ले, विश्वासरावांच्या कचेरीची चौकशी केली, भिंतीवरची चित्रं पाहिली, आणि मुलगा भोपाळला येऊ दे म्हणून उठले. ते स्वतःच पोरांना घेऊन जाणार होते.

ते गल्लीच्या वळणापलीकडे गेले मात्र, कान्हूनं घर डोक्यावर घेतलं. चेंडू भिंतीवर, चेंडू जमिनीवर, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी.

"काकू, काय अ‍ॅक्टिंग केलीत! मान गये!"

ती पण हसली. दुसरं काय करणार?

पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याला ते खेळणंच सापडलं. स्टेशनवर साहेब असतील, सवय पाहिजे, म्हणून संध्याकाळभर त्यानं तालीम मांडली. "माँ, पानी." "माँ, मेरे मोजे कहाँ हैं?" "ओ माँ, रोटी जल रही है!" उषाताईंची पोरं कुंपणावरून डोकावून हसायला लागली. प्रत्येक हाकेला राजलक्ष्मीला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं होत होतं. तिनं दुर्लक्ष केलं, तवा उतरवला, पीठ झाकलं. तरी तो म्हणाला, "माँ, सुनती नहीं हो क्या?"

"पुरे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कान्हूच्या हातातला चेंडू थांबला. "काकूच म्हण."

त्याला वाटलं ती रागावली. तो म्हणाला, मजा करत होतो. तिनं त्याला समोर बसवलं आणि सांगून टाकलं. शांताचं ओसरीवर बसणं सांगितलं, हातावर हात ठेवणं सांगितलं, गोवराचा ताप सांगितला. तांदळाचं पोतंसुद्धा सांगितलं. असलं काही ती आजवर कुणापाशी बोलली नव्हती, नवऱ्यापाशीही नाही.

"हा 'आई' शब्द मी तुला शिकवला नाही, तुझ्या तोंडातून काढून घेतला," ती म्हणाली. "मला तो हवा होता रे, फार हवा होता. म्हणून चेष्टेत नको."

कान्हू मान खाली घालून बसला. सहा फुटी पोर, पण हातपाय कुठे ठेवावेत हे त्याला सुचेना. त्यानं विचारलं, आईला, म्हणजे नागपूरच्या आईला, हे कळलं तर वाईट वाटेल का. राजलक्ष्मी म्हणाली, वाटेल. मग तिनं ताट वाढलं आणि तो मुकाट्यानं जेवला. त्या रात्री चेंडू कोपऱ्यात पडून राहिला.

निघायच्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की टांगेवाल्यानं पडावावरच्या स्टेशनापर्यंत घोडा हातात धरल्यासारखा नेला. टांग्यात दोघं फारसं बोलली नाहीत. तिला एकच घोर लागला होता. फलाटावर साहेब उभे असणार, आणि निघताना हा पाया पडणार, तेव्हा तोंडानं काय म्हणणार? 'माँ' म्हणाला तर तिच्यानं ते आता ऐकवणार नव्हतं. 'काकू' म्हणाला तर ज्या माणसाला मराठी कळते त्याच्या कानावर पडणार, आणि भोपाळ तिथेच संपणार. काही न म्हणता निघून जाईल तर बरं, असं तिनं देवाला विनवलं, आणि तसा तो गेला तर आपल्याला काय वाटेल हेही तिच्या ध्यानात आलं. तिनं टांग्याची कड घट्ट धरली.

फलाटावर पोरांची झुंबड होती. दौलतसिंह मास्टर डोकी मोजत होते. साहेब मफलर गुंडाळून डब्याच्या दाराशीच उभे, कुणाची आई, कुणाचा बाप, सगळ्यांना नमस्कार करत. गार्डानं शिटी दिली. बाकीची पोरं "अम्मा चलता हूँ", "माँ जाता हूँ" करत चढली. कान्हू मागे राहिला.

तो वाकला. दोन्ही हातांनी त्यानं तिच्या पायांना स्पर्श केला, उभा राहिला, साहेबांकडे एकदा सरळ पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं.

"येतो, काकू," तो म्हणाला. हळू नाही, चोरून नाही. जसा रोज शाळेत जाताना म्हणायचा तसा.

मास्टरांनी डोळे मिटले. साहेबांनी मान वळवली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण भुवया जवळ आल्या.

"काकू?" साहेब म्हणाले. "काकू तो चाची को कहते हैं ना?"

कान्हूनं पिशवी खांद्यावरून काढून हातात घेतली, म्हणजे परतच फिरायच्या तयारीनं. त्या पोरानं तिच्यासाठी काय टाकून दिलं होतं हे राजलक्ष्मीला त्या एका हालचालीत दिसलं, आणि तिच्या छातीत असं काही भरून आलं की तेरा वर्षांची सगळी भीडच मोडली.

तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि साहेबांच्या डोळ्यांत बघितलं. परवा तिनं नुसती मान हलवली होती. आज ती बोलली, आणि आवाज तिचा तिलाच नवा वाटला.

"साहेब, तुम्ही नागपूरला राहिलात, तुम्हाला ठाऊक असेल," ती म्हणाली. "आमच्यात कुणाची आई वहिनी असते, कुणाची ताई असते. माझा मुलगा मला काकू म्हणतो."

साहेबांना आठवलं, नागपूरला त्यांच्या घरमालकाची मुलं आपल्या आईला 'माई' नाही, 'वहिनी' म्हणायची, आणि त्यांना तेव्हाही नवल वाटलं होतं. ते मोठ्यानं हसले. "सही बात है, बहनजी," म्हणाले आणि कान्हूच्या पाठीवर थाप मारून त्याला डब्यात ढकललं.

साहेब आत जाऊन बसले आणि गाडी हलली. कान्हू दारात उभा होता, वाकून, कारण त्या दारालाही त्याचं डोकं लागत होतं. राजलक्ष्मी गाडीबरोबर चार पावलं चालली.

"स्वेटर काढू नकोस," ती म्हणाली. "आणि पोचल्यावर आधी तुझ्या आईला कळव."