पावणेचारचा उजेड

मी टायमर बोलतोय. भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा, हातात मावेल एवढा, पिवळट पडलेला. माझ्यात बॅटरी नाही, पडदा नाही. एक चकती आहे, ती दिवसभरात एक फेरी मारते. चकतीच्या कडेला शहाण्णव दात, एक दात म्हणजे पाव तास. दात खाली दाबला की दिवा लागतो, वर असला की विझतो. एवढीच माझी अक्कल, आणि एवढ्या अकलेवर मी जवळजवळ चाळीस वर्षं काढली.

मी या डोंगराळ गावात पार्सलमधून आलो. तेव्हा मधे भिंत घालून या देशाचे दोन तुकडे केलेले होते आणि पलीकडच्या तुकड्यातून एगॉनची आत्या दर नाताळला कॉफी, चॉकलेट आणि साबण पाठवायची. त्या वर्षी साबणाखाली मी होतो. एगॉन खाणकामगार, बोटं अशी जाड की माझे दोन दात एकदम दाबले जायचे. त्याने मला खिडकीतल्या लाकडी कमानीला जोडलं. त्या कमानीवर सात दिवे आणि मधे कोरलेले दोन खाणकामगार. ती त्याच्या मेव्हण्याने, वेर्नफ्रीडने, स्वतः करवतीने कापून केलेली. नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारपासून आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीत अशी कमान पेटते. एखादी खिडकी अंधारी दिसली तर लोक विचारतात, त्या घरात कोण गेलं?

खाण बंद झाली. पुढे एगॉनही गेला, त्याला नऊ वर्षं झाली. त्याची बायको, इर्मगार्डबाई, एकट्या पडल्या, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ वेर्नफ्रीड आपली लाकूड कातायची लेथ घेऊन इथेच राहायला आला. मी दर नाताळला कमान पेटवत राहिलो. बाकीचे महिने शिवणाच्या खणात, बटणांच्या डब्याशेजारी आरामात पडून असे.

मग वेर्नफ्रीडला नागीण झाली. फोड बरे झाले, पण बरगडीखालची आग काही जाईना. दोन वर्षं तो माणूस सलग दोन तास झोपला नाही. गोळ्यांनी पोट बिघडलं. हात इतके थरथरायला लागले की त्याने लेथवर चादर टाकली. ज्या वसंतात घरी गांजाची तीन झाडं लावायला कायद्याने परवानगी मिळाली, त्या वसंतात डॉक्टर म्हणाले, "करून बघा. पण जे कराल ते मला सांगून."

वेर्नफ्रीडने शिवणाच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं, आत चंदेरी कागद लावला, वर दिवा टांगला. टायमर शोधताना मी त्याच्या हाती लागलो.

"ताई, हा चालतो ना अजून?"

"एगॉनचा आहे तो. तुझ्याआधी बंद पडणार नाही."

मला केवढा अभिमान वाटला! आजवर लाकडी माणसांना उजेड दिला, आता जिवंत झाडांना द्यायचा होता. ही झाडं बारा तास उजेड आणि बारा तास गडद अंधार मिळाला की फुलावर येतात. वेर्नफ्रीडने सकाळी सहा ते संध्याकाळी सहा माझे दात दाबले आणि कपाटाच्या फटींना काळी पट्टी चिकटवली.

फुलं आली, पण वाटाण्याएवढी. सुकवल्यावर तीही उरली नाहीत. वेर्नफ्रीडच्या ओळखीच्या बागवाल्या मंडळींनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. एक म्हणाला कुंडी लहान, मुळं गुदमरतात. दुसरा म्हणाला बियाणंच हलकं. कुणी दिवा खाली घ्यायला सांगितला, कुणी खालच्या फांद्या काढायला, म्हणजे झाडाची सगळी ताकद शेंड्याला जाईल. वेर्नफ्रीडने सगळं केलं. सप्टेंबरात नवं बी, दुप्पट कुंड्या, छोटा पंखा. खत इतकं घातलं की पानांची टोकं करपली. इर्मगार्डबाई म्हणाल्या, "अरे, झाड आहे ते, जावई नाही. किती वाढशील?"

नोव्हेंबर संपत आला. फुलावर पाच आठवडे झाले तरी तेच वाटाणे, आणि मधूनच पुन्हा नुसती पानं फुटायची. एका सकाळी वेर्नफ्रीड कपाटासमोर स्टुलावर बसून रडला. मी टिकटिकत होतो. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही, आणि खरं सांगतो, माझ्याही मनात आलं नाही.

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी इर्मगार्डबाईंनी मला कपाटाच्या प्लगमधून उपटलं.

"ताई, ऐन फुलावर आहेत! आता हात लावू नकोस!"

"कमानीला हा लागतो. गल्लीत आपलीच खिडकी अंधारी ठेवू? हा घे, तुझ्या लाडक्यांना नवा आणलाय."

नवा पांढराशुभ्र होता, आकडे चमकणारा. मी खिडकीत परत गेलो खरा, पण मनातून खट्टू झालो. चार दशकं इमानाने राबूनही माझी जागा एका दुकानातल्या पोराने घेतली होती.

आणि मग झाडं फुगायला लागली. दोन आठवड्यांत फुलं अक्रोडाएवढी झाली. वेर्नफ्रीडने दिवसातून चार वेळा कपाट उघडून पाहिलं. श्रेय कुंडीला द्यावं की फांद्या काढण्याला, हे त्याचं काही ठरेना.

तिसऱ्या रविवारी शेजारची मार्लीस सुकामेव्याचा पाव घेऊन आली. तिच्या घरची बेकरी, ती पहाटेच कामाला निघते. कॉफी ओतता ओतता ती म्हणाली, "इर्मगार्ड, एक सांगू? मी पावणेचारला तुझ्या घरासमोरून जाते आणि तुझी कमान पेटते. बरोबर पाव तास. एगॉन पहिल्या पाळीला निघायचा तीच वेळ. इतकी वर्षं तू उठून दिवा लावतेस, मला फार भरून येतं बघ."

इर्मगार्डबाईंचा कप अर्ध्यावरच राहिला. "अगं, मी तर तेव्हा घोरत असते."

वेर्नफ्रीड उठला. त्याने मला प्लगमधून काढलं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि नखाने एकेक दात चाचपला. पावणेचारचा दात मोडून खाली बसलेला होता. वर येतच नव्हता.

"म्हणजे भर अंधारात रोज पाव तास दिवा! झाडांना रात्र झालीच नाही कधी! मी खतं घालतोय, कुंड्या बदलतोय, आणि हा म्हातारा..." तो हसत होता की चिडला होता, कळेना. "फेकतो बघ याला!"

मी लाजेने मेलो. त्या माणसाची इतक्या महिन्यांची झोप मी खाल्ली होती, आणि एका दाताने एवढं होतं हे मला माहीतही नव्हतं.

"हात लावशील तर बघ," इर्मगार्डबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "दुरुस्तही करायचा नाही. आहे तसा लाव खिडकीत."

जानेवारीत झाडं कापली, सुकवली. डॉक्टरांना सांगून वेर्नफ्रीड अगदी थोडं घेऊ लागला. आग पुरती गेलेली नाही, पण आता तो सलग पाच तास झोपतो. परवा त्याने लेथवरची चादर काढली. त्या झाडांचे मी आभार मानतो, त्यांनी माझा अपराध पोटात घातला. मार्लीसचे मानतो, ती बोलली. त्या पांढऱ्या पोराचेही मानतो, त्याने ती रात्र नीट सांभाळली.

एक गोष्ट मात्र मला या घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तो दात आपोआप खाली गेला नव्हता. पहिल्याच वर्षी एगॉनने तो मुद्दाम दाबला होता. पाळीला निघताना मोठा दिवा लावला तर बायकोची झोप मोडेल, म्हणून तो कमानीच्या उजेडात बूट बांधायचा. खाण बंद झाल्यावर त्याने खिळ्याने तो दात वर काढायला घेतला आणि तो तुटला. एगॉनने खिळा खाली ठेवला. मग म्हणाला, "राहू दे."

आता माझी चकती घरघरते. आणखी किती नाताळ पाहीन, ठाऊक नाही. पण इर्मगार्डबाई, तुम्ही निवांत झोपा. एगॉनच्या निघायच्या वेळी दिवा मी लावतो.